सात नंबरचा नियम

१

इस्त्री अजून गरम होती.

बाई स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात पडली होती. डाव्या कानामागची कवटी आत गेली होती आणि इस्त्रीच्या टोकाला चिकटलेले केस करपले होते. त्या वासाने माझ्याबरोबरचे दोन्ही शिपाई बाहेर जाऊन उभे राहिले. न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून उखडलं होतं. आतल्या फरशीवर तिच्या नखांचे ओरखडे होते, कारण नवऱ्याने तिला पायाला धरून बाहेर ओढलं होतं.

नवरा बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसला होता. हात स्वच्छ धुतलेले, शर्ट मात्र रक्ताने माखलेला. "घेऊन चला," एवढंच म्हणाला, जसं काही मी उशीर केला होता.

म्हणजे खून कुणी केला हे शोधायला मला कुणी बोलावलंच नव्हतं. घोडं अडलं ते भलतीकडेच. तिच्या मुठीतला फोन मी एकेक बोट सोडवून काढला. पडद्यावर हिरवी पट्टी होती आणि खाली अक्षरं होती: 'तुमचा निरोप मिळाला. मदत निघाली आहे. दार उघडू नका.'

ते पान घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी चालवलेल्या मदत केंद्राचं होतं. मी तिथूनच केंद्राला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की आज या पत्त्यावरून कसलाही निरोप आलेला नाही. गाडी निघालेली नाही. कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही.

मेलेल्या बाईचा फोन खोटं बोलत नाही, असं माझं साधं मत आहे. मी गाडीत बसले.

२

केंद्राच्या मजल्यावर पाय ठेवते तोच किंकाळी ऐकू आली.

निरोप घेणाऱ्या बायका तिथे रांगेने बसतात आणि त्यांना नावाऐवजी खुर्चीच्या नंबराने हाक मारतात. चार नंबरच्या बाईचा उजवा हात लोखंडी कपाटाच्या फटीत होता आणि एक तरणाबांड माणूस ते दार लाथेने तिच्या हातावर बंद करत होता. एकदा, दोनदा. बाकीच्या बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. मी त्याच्या मानेत काठी घातली तेव्हा तो बाजूला झाला. चार नंबरची दोन बोटं उलट्या बाजूला वळली होती.

"हिने माझ्या ताईला मारलं!" तो ओरडला. "ताईच्या भागातला निरोप हिच्याच खुर्चीवर येतो. आला आणि ही चहा ढोसत बसली!"

तेव्हा मला कळलं की मेलेली बाई याची थोरली बहीण. हा याच केंद्रात, आतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत काम करतो. मजल्यावर त्याला सगळे धाकटा म्हणतात. बातमी कळताच तो घरी गेला नाही, आईकडे गेला नाही, थेट चार नंबरवर धावून आला.

"माझ्यासमोर काहीच आलं नाही हो," चार नंबर हुंदके देत म्हणाली. "आईची शपथ, काहीच नाही."

धाकट्याने खिशातून आपला फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. अंगठ्याने पान उघडलं. "हे बघा मॅडम, किती सोपं आहे. हे हिरवं दाबायचं आणि लिहायचं, बस. माझ्या ताईने दाबलं. मग पुढे काय झालं ते हिला विचारा." त्याचे डोळे लालबुंद झाले होते. "भाऊजींशी माझं वाजलं तेव्हापासून मी त्या घराचा उंबरा चढलेलो नाही. ताईला म्हटलं होतं, काही झालं तर इथे कळव, मी आहे. आणि या बाईने तिला मारून टाकलं. मी हिला सोडणार नाही. आज नाही तर उद्या, पण सोडणार नाही."

मला त्याचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. शिपायाला त्याच्यावर नजर ठेवायला सांगून मी चार नंबरला दवाखान्यात पाठवलं.

जिन्यातच साहेबांचा फोन आला. "बाहेर लोक जमलेत. संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवालीवर हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल करा आणि मोकळ्या व्हा."

३

नवऱ्याला कोठडीत बसवलं होतं. चहा मागत होता. मी दिला नाही.

"सकाळी दोन मुस्काटात दिल्या, मान्य," तो म्हणाला. "नवरा-बायकोत होतं ते. ती जाऊन न्हाणीघरात कडी लावून बसली. मी म्हटलं, बस. मी आपला शर्टाला इस्त्री करत होतो. मला बाहेर जायचं होतं."

"मग दार का तोडलंस?"

"तक्रार केली तिने माझी. घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडायचं म्हणजे काय?"

मी काठी टेबलावर ठेवली. "ती आत होती. कडी लावून, आवाज न करता निरोप लिहीत होती. तिने तक्रार केली हे तुला बाहेर इस्त्री करता करता कसं कळलं?"

तो पहिल्यांदाच गडबडला. मग ओठ मिटून हसला. "कळतं."

माझा हात उठला होता. तो मी खाली घेतला, पण घेताना त्रास झाला.

त्याने स्वतःचा फोन मोरीतल्या बादलीत बुडवला होता. मोबाइल कंपनीकडे त्या वेळच्या फोनची नोंद नव्हती. हल्ली बोलणं इंटरनेटवरून होतं, त्यामुळे ते साहजिकच होतं. तरी गोष्ट उघड होती. बायकोचा निरोप पोचला होता. कुणीतरी तो वाचला होता आणि गाडी पाठवण्याऐवजी तिच्या नवऱ्याला कळवला होता.

म्हणजे या खुनात आणखी एक हात होता, आणि तो केंद्रातलाच होता.

४

चार नंबरच्या हाताला मनगटापर्यंत प्लास्टर घातलं होतं. खाटेवर बसून ती डाव्या हाताने डोळे पुसत होती.

"नोकरी गेली ना माझी?" तिने विचारलं.

"नोकरीचं सोडा, संध्याकाळी अटक व्हायची वेळ आहे. आणि सुटलात तर तो धाकटा टपलेलाच आहे. काय असेल ते आत्ता सांगा."

"सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं नसतं का? निरोप आला की आमच्या कानठळ्या बसतात. पूर्ण मजल्याला ऐकू जातं. वाजलंच नाही."

"बाईच्या फोनवर तर लिहून आलंय, मदत निघाली आहे म्हणून. हिरव्या पट्टीखाली."

ती रडायची थांबली. "हिरव्या?"

"हिरव्या."

"मॅडम, आमची पट्टी लाल आहे. पूर्वी हिरवी होती. बायकांना वाटायचं, हिरवं दाबलं म्हणजे सगळं ठीक आहे असं कळतं. म्हणून बदलली. हिरवी आता फक्त सरावाच्या पानावर राहिली आहे." ती खाटेवर पुढे सरकली. "नवीन मुलींना त्यावर शिकवतात. त्याला काहीही पाठवा, आपोआप उत्तर देतं, मदत निघाली आहे. आमच्यापर्यंत काही येत नाही. अहो, ती बिचारी सरावाच्या सर्व्हरशी बोलत होती!"

तिला एकटी सोडायची मला भीती वाटत होती. मी तिला उठवलं आणि बरोबर घेतलं.

५

आतल्या खोलीत तिघं काम करतात. खोलीचा प्रमुख, पोट सुटलेला आणि सदा माणसं मोजत फिरणारा, त्याला मुकादम म्हणतात. दुसरी एक करड्या केसांची बाई. तिला हवालदार म्हणतात, कारण वेबसाइटवर येणारी माणसं कुठे वळवायची हे तीच ठरवते. "तुमच्या खात्यातली नाही हं मी," ती म्हणाली. तिसरा धाकटा. तो कोपऱ्यात भिंतीला डोकं टेकून बसला होता आणि चार नंबरला पाहताच ताडकन उठला. शिपायाने त्याला दाबून बसवलं.

"साध्या भाषेत सांगा," मी हवालदारला म्हटलं. "बाई पान उघडते. मग?"

"मग तिला आधी लोड बॅलन्सर भेटतो. दारावरचा माणूस समजा. त्याच्यामागे आमचे सर्व्हर आहेत. एकावर गर्दी झाली की तो पुढच्याला दुसऱ्याकडे पाठवतो. सरावाचा सर्व्हरही तिथेच आहे, पण त्याचं वजन शून्य ठेवलंय. म्हणजे आपणहून तो कुणाला तिकडे धाडत नाही."

"आणि कुणी मुद्दाम धाडायचं म्हटलं तर?"

"तर नियम लिहावा लागतो." ती पडद्याकडे वळली. "नियम वरून खाली वाचले जातात. पहिला जो लागू पडेल तो खरा, पुढचे बघायचे नाहीत. आम्ही दहा, वीस, तीस असे नंबर देतो. मधे काही घुसवायचं झालं तर जागा हवी म्हणून. हा बघा दहा, हा…"

तिचं बोट पडद्यावर वर सरकलं. दहाच्या वर सात होता.

सात नंबरचा नियम एका ओळीचा होता. अमुक एका घराच्या इंटरनेटवरून कुणी आलं तर सरावाच्या सर्व्हरकडे पाठवा. घर कुठलं ते मला विचारावं लागलं नाही, मी सकाळी तिथेच होते.

"कुणी लिहिला?"

"आत जायचं लॉगिन एकच आहे," मुकादम घाम पुसत म्हणाला. "आम्ही तिघंही तेच वापरतो. कितीदा सांगितलं वेगळी करा म्हणून." मग त्याने हवालदारकडे बोट केलं. "पण मॅडम, तो नवरा कोण आहे माहीत आहे का तुम्हाला? हिचा चुलत भाऊ. हे लग्न हिनेच जमवलंय."

हवालदार मुकादमकडे वळली.

धाकटा शिपायाच्या हातातून निसटला. त्याने हवालदारचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं सर्व्हरच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. रक्ताची चिळकांडी पडद्यावर उडाली. दुसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात मी त्याच्या गुडघ्यावर काठी हाणली. हाड वाजलं. तो खाली कोसळला तरी हातातले केस सोडेना, शिपायाने बोटं पिरगळून ते सोडवले.

"तूच!" तो ओरडत होता. "तूच मारलंस तिला, भावाला वाचवायला!"

६

हवालदारच्या कपाळाला चार नंबरने डाव्या हाताने रुमाल दाबून धरला. दोघी जमिनीवर बसल्या होत्या.

"लग्न मी जमवलं, खरं आहे," हवालदार म्हणाली. "वहिनीचा चेहरा सुजलेला दिसला तेव्हापासून मी दादाशी बोलत नाही. पण मी नियम लिहिला असता ना मॅडम, तर मी सापडले असते. माझ्याच शिस्तीमुळे."

"कसली शिस्त?"

"आधी स्वतःवर. या खोलीत नवा नियम कुणी थेट लोकांवर लावत नाही. आधी आपल्याच फोनच्या इंटरनेटच्या पत्त्यावर लावायचा, माणूस हवा तिकडे वळतो का ते बघायचं, मग खरा पत्ता घालायचा. कितीही घाई असली तरी. हाताला वळणच पडलंय सगळ्यांच्या."

"म्हणजे ज्याने सात नंबर लिहिला, त्याने तो आधी स्वतःच्या फोनवर लावून पाहिला."

"पाहिलाच असणार. आणि मग तो चिकटला असणार." तिने रुमाल उलटा केला. "बोलता बोलता बाईला मधेच दुसऱ्या सर्व्हरवर टाकलं तर तिचं बोलणं तुटतं. म्हणून ज्याला जो सर्व्हर मिळाला त्याची खूण लोड बॅलन्सर त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवतो. पुढच्या वेळी खूण बघून तिकडेच पाठवतो. नियमातून आपला पत्ता काढला तरी खूण राहते. ती पुसावी लागते आणि पुसायची कुणाला आठवत नाही. माझ्याही फोनवर कितीदा राहिली आहे."

मी मुकादमला म्हटलं, फोन काढा, आपलं पान उघडा. त्याने उघडलं. पट्टी लाल होती. हवालदारची पर्स चार नंबरने उघडून दिली. तिच्या फोनवरही लाल.

धाकट्याला मी काही सांगितलं नाही. त्याचा हात मात्र आपसूक खिशाकडे गेला होता.

"राहू दे," मी म्हटलं. "तुझा मी सकाळीच पाहिला. तूच नाकासमोर धरला होतास. हे हिरवं दाबायचं, म्हणालास. बहिणीच्या फोनवर हिरवंच पाहून आले होते, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. बहिणीच्या घरी बसून पान उघडलं असतं तरी तुला हिरवं दिसलं असतं, पण त्या घराचा उंबरा चढलो नाही हेही तूच सांगितलंस. मग तुझा फोन सरावाच्या सर्व्हरवर गेला कसा?"

मुकादम "अरे देवा" म्हणाला.

"निरोप सरावाच्या सर्व्हरवर पडत होते," मी पुढे म्हटलं. "ते उघडून वाचू शकणारी माणसं तीन. आज सकाळी त्यातल्या एकाने निरोप वाचला आणि तुझ्या भाऊजींना फोन लावला. काय बोललास?"

तो मोडलेला गुडघा छातीशी धरून डुलत होता. मला वाटलं नाकारेल. त्याने नाकारलं नाही.

"दर आठवड्याला गाडी जायची त्यांच्या दारात," तो म्हणाला. "सगळी गल्ली बघायची. आई जेवायची नाही. इथले लोक मला विचारायचे, तुझ्याच बहिणीकडे ना? मी ठरवलं, तिचे निरोप आपणच बघू. घरातलं घरात मिटवू. आणि मिटवतही होतो! निरोप आला की भाऊजींना फोन करायचो. समजावायचो. ते म्हणायचे, बरं."

"आज काय म्हणालास?"

"म्हटलं, ताईने परत कळवलंय. तिला जरा समजवा, असं सारखं सारखं बरं दिसत नाही." तो माझ्याकडे वळला. "एवढंच म्हटलं मी. एवढंच."

"ते ऐकून त्याने हातातली इस्त्री खालीसुद्धा ठेवली नाही," मी म्हटलं.

चार नंबर उठली. मला वाटलं, हा निर्लज्ज माणूस सकाळी आपल्याच पापासाठी हिची बोटं मोडत होता, आता ही त्याच्या थोबाडीत देईल. दिली असती तर मी तिकडे पाठ केली असती. पण ती हवालदारजवळ गेली आणि म्हणाली, "तिकडे अडकलेले निरोप मला द्या. ते माझ्या खुर्चीचे आहेत."

हवालदारने रक्ताळलेल्या हाताने तो सर्व्हर उघडला. त्यात साठलेलं सगळं एकामागून एक पडद्यावर आलं. चार नंबर खुर्चीत बसली आणि मोठ्याने वाचायला लागली, निरोप घेताना वाचतात तसं, सावकाश.

"नमस्कार. फार तातडीचं नाही, पण कुणी येऊन ह्यांना समजावलं तर बरं होईल."

"काल कुणी आलं नाही. कामात असाल. आज जमलं तर बघा."

"माझा दात पडला आहे. रक्त थांबत नाही."

असे बरेच होते. प्रत्येकाखाली तेच उत्तर होतं, मदत निघाली आहे. धाकट्याच्या हातांत बेड्या होत्या, तरी त्याने दोन्ही तळवे कानांशी नेले. शिपायाने ते खाली ओढले. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

"न्हाणीघरात आहे. कडी लावली आहे. लवकर या."

त्याच्या खाली आणखी एक होता. धाकट्याने मान वर केली. फोन केल्यानंतर त्याने सर्व्हर पुन्हा उघडलाच नव्हता. ताईला समजवायचं काम त्याच्या मते झालं होतं.

चार नंबर थांबली नाही.

"ह्यांना आत्ता कुणाचा तरी फोन आला. मी तुम्हाला कळवलंय हे ह्यांना कळलं. कसं कळलं? हे दार तोडतायत. माझा धाकटा भाऊ तुमच्याकडेच कामाला आहे. त्याला सांगा. तो लगेच येईल."

"बस कर," धाकटा म्हणाला. "बाई, पाया पडतो तुझ्या, बस कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. थांबवायचा अधिकार माझाच होता. मी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिला थांबवलं नाही. चार नंबरने डाव्या हाताने पान वर सरकवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.